‘शंभर टक्के वनौषधी’ क्रीममध्ये निघालं स्टेरॉइड

वांगाच्या डागांसाठी एका बाईंकडून क्रीम घेतलं, ओळखीतून ओळख काढून. पांढरी डबी, वर ‘शंभर टक्के वनौषधी’. घटक, बॅच नंबर, उत्पादकाचा पत्ता यांपैकी काहीच नाही. फरक मात्र आठवड्याभरात दिसला. डाग फिके, मुरमंही बसली. झाडपाला इतक्या झपाट्याने काम करत नाही.

पुढची डबी यायला उशीर झाला आणि चेहरा लालभडक. आग, खाज, बारीक पुरळ. फोन केला तर बाई म्हणाल्या, "अहो, आतली घाण बाहेर पडतेय. घाबरू नका, फक्त क्रीम सोडू नका." पुन्हा लावलं, चेहरा शांत! त्यांचंच खरं ठरलं. फसवणुकीची खरी मेख ही.

कारण ‘आधी वाढतं, मग जातं’ हे सगळंच खोटं नाही. मुरमांवरचं ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापलीन सुरू केलं की पहिले काही आठवडे त्वचा सोलते, मुरमं थोडी वाढतातही. डॉक्टर तसं आधीच सांगतात. वाटाण्याएवढंच, रात्री, एक दिवसाआड लावा म्हणतात. पण तो त्रास औषध चालू असताना होतो आणि हळूहळू ओसरतो. माझं उलटं होतं: लावलं की आराम, थांबवलं की भडका. त्वचारोगतज्ज्ञांनी एवढं ऐकूनच स्टेरॉइडचं नाव घेतलं. गालांवर उमटलेल्या बारीक लाल रक्तवाहिन्या आणि हनुवटीवरची नवी लव त्यांनी भिंगातून दाखवली. क्लोबेटासॉलसारखं जहाल स्टेरॉइड चेहऱ्याच्या नाजूक कातडीवर रोज लावायची गोष्टच नव्हे, म्हणाल्या. गोरेपणाच्या अशा काही क्रीममध्ये पाराही सापडतो, तो मूत्रपिंडांना बाधतो.

स्टेरॉइड एकदम तोडायचं की सौम्यावर उतरवत न्यायचं, हे त्यांनी ठरवलं. सोबत टॅक्रोलिमस, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं, दाह कमी करणारं मलम (तेही सुरुवातीला चुरचुरतं, मग सवय होते), साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. स्क्रब, फेशियल, लिंबू-बिंबू सगळं बंद. लाली जायला महिने गेले, काही रक्तवाहिन्या अजून दिसतात, आणि वांग होता त्याहून गडद झाला.

पैसे परत मागितल्यावर बाईंनी मला ब्लॉक केलं. तुमच्याकडे अशी डबी असेल तर रागाने फेकू नका. तळाशी उरलेलं क्रीमही डॉक्टरांना दाखवता येतं, आणि औषध प्रशासनाकडे तक्रार केली तर तपासायला तेच लागतं.