टीटीएल की मॅन्युअल? लग्नाच्या फ्लॅशचा नागपुरी हिशेब

लग्नाची कामं नव्याने घेणारे पोट्टे हमखास विचारतात, "भाऊ, टीटीएलवाला फ्लॅश घेऊ की स्वस्तातला मॅन्युअल?" मी उलटं विचारतो, "वरातीत असतोस की स्टेजसमोर?"

टीटीएलमध्ये (थ्रू द लेन्स, म्हणजे लेन्समधून मोजणं) फ्लॅश खऱ्या उजेडाआधी एक बारीक चमक सोडतो. ती समोरच्यावर आपटून लेन्समधून परत येते, कॅमेरा ती मोजतो आणि किती ताकदीने मारायचं ते ठरवतो. कॅनन याला ई-टीटीएल म्हणतं, निकॉन आय-टीटीएल. मॅन्युअलमध्ये मोजामोज नाही. पूर्ण ताकदीच्या १/८ लावलं की दर वेळी १/८च.

आता वरात घ्या. दोन मीटरवर नाचणारा माणूस एक मीटरवर आला की त्याच्यावरचा उजेड चौपट होतो, म्हणजे सरळ दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). वर्धा रोडवरच्या एका लॉनच्या गेटवर मी हट्टाने मॅन्युअल १/४ वर होतो. नवरदेवाचे मामा नाचत नाचत थेट लेन्ससमोर आले आणि पांढरेफटक झाले. त्या अल्बममध्ये वरातीतले मामा नाहीत, आणि हे सगळ्यात आधी मामांच्याच लक्षात आलं. वरातीत टीटीएलच, यावर माझ्याकडून वाद नाही.

स्टेजवर मात्र गणित फिरतं. रिसेप्शनला जोडपं तीन तास एकाच सोफ्यासमोर उभं असतं, तुम्हीही एकाच जागी. अंतर बदलत नाही, बदलतात ते कपडे. काळ्या सुटातली मित्रमंडळी आली की टीटीएल ताकद वाढवतो, पांढऱ्या झब्ब्यातले आजोबा आले की घटवतो आणि नवरीचा चेहरा दर फोटोत वेगळा दिसतो. दोन स्टँडवर दोन फ्लॅश मॅन्युअल करून ठेवा. मग एका फोटोचं एडिटिंग सगळ्यांना चिकटवता येतं. पूर्ण रात्र वाचते, राजेहो.

आपल्या शहरात बौद्ध पद्धतीची लग्नं भरपूर, आणि तिथे टीटीएलची खरी परीक्षा होते. नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कपड्यांत, कित्येकदा मागचं कापडही पांढरं. इतकं पांढरं पाहून मीटरला वाटतं उजेड फार झाला, आणि पांढरी साडी राखाडी येते. फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबात आपण हाताने केलेली कमी-जास्त, +१ स्टॉपच्या आसपास नेलं की ती पुन्हा पांढरी दिसते. दुसरी खोच मागच्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फ्रेम केलेल्या प्रतिमांची. समोरून मारलेली ती बारीक चमक काचेवरून सरळ लेन्समध्ये शिरते आणि जोडपं अंधारात जातं. हल्लीचे कॅमेरे अशी चकाकी वगळायचा प्रयत्न करतात, पण दर वेळी जमत नाही. अशा वेळी एक पाऊल बाजूला सरका, नाहीतर मॅन्युअल.

कॉम्पेन्सेशनचा विषय निघालाच आहे, तर दोन कॅमेरे वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. कॅननवर कॅमेऱ्याचं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन फक्त भोवतालच्या उजेडावर चालतं, फ्लॅशचं वेगळं. निकॉनवर मुळात ते फ्लॅशलाही सोबत हलवतं. डी८५० सारख्या मॉडेलमध्ये ते फक्त पार्श्वभूमीपुरतं ठेवायची सोय मेनूत आहे. मित्राची बॉडी उसनी घेऊन लग्नाला जाणारे इथेच फसतात.

हळद भर उन्हात असली की तिसराच प्रश्न. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर शटर १/२०० सेकंद आणि लेन्सचं छिद्र एफ/११ लागतं. पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून एफ/२.८ केलं तर शटर १/३२०० वर जातं, आणि बहुतेक कॅमेऱ्यांची सिंक मर्यादा (फ्लॅशसोबत चालणारं सगळ्यात वेगवान शटर) १/२०० ते १/२५० च्या आसपासच असते. त्यापुढे साध्या ट्रिगरवर (कॅमेऱ्यावर बसून दूरचा फ्लॅश पेटवणारा डबा) फोटोत काळा पट्टा येतो. हाय स्पीड सिंकने पट्टा जातो, पण फ्लॅश तुकड्या-तुकड्यांत पेटत राहतो आणि ताकद निदान दोनेक स्टॉप पडते. शिवाय एरवी शटरचा फ्लॅशवर परिणाम होत नाही. इथे शटर वाढवलं की फ्लॅशही घटतो. छोटा फ्लॅश मग नवरीपासून हातभर अंतरावर आणावा लागतो. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी ए९ थ्रीच्या ग्लोबल शटरने (पूर्ण सेन्सर एकाच क्षणी टिपणारं शटर) ही कटकट मिटवली आहे, पण त्याची किंमत पाहून आपण मांडवाच्या सावलीतच हळद लावून घेतो. तसंही मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना सलग पूर्ण ताकदीने मारलात तर फ्लॅश तापतो आणि स्वतःच दम घेतो. सावली दोघांच्याही फायद्याची.

एकच घेणार असाल तर टीटीएल घ्या, कारण त्यात मॅन्युअलही असतं. उलट मात्र होत नाही. गोडॉक्सचा व्ही८६० लिथियम बॅटरीवर चालतो, वरातीत सेल बदलत बसावं लागत नाही. फक्त तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठीचाच मागा. नंतर स्टेजसाठी गोडॉक्सचेच दोन टीटी६०० पुरतात. त्यात टीटीएल नाही, चार पेन्सिल सेल लागतात, आणि स्टँडवर ठेवून ट्रिगरने चालवायला याहून जास्त काही लागत नाही.

सीताबर्डीत घ्यायला गेलात तर खिशात पांढरा रुमाल ठेवा. दुकानातच टीटीएलवर रुमालाचा एक आणि कॅमेऱ्याच्या काळ्या बॅगेचा एक फोटो काढा. दोन्ही जवळपास सारखेच राखाडी दिसतील. मग मॅन्युअलवर तेच दोन पुन्हा काढा.