फोटोवरून जुनी चांदी ओळखणारी अ‍ॅप्स: नाव मिळतं, काम कळत नाही

जुन्या इंग्लिश चांदीच्या चमत्कारिक वस्तूंसाठी फोटो ओळखणारी मोबाइल अ‍ॅप्स वापरणार असाल, तर त्यांची मर्यादा आधीच लक्षात घ्या. ती आकाराला आकार जुळवतात आणि त्या फोटोखाली विक्रेत्याने जे लिहिलं असेल ते उचलून आणतात. द्राक्षं कापायची कात्री, टोस्ट-रॅक, अ‍ॅस्परॅगसचा चिमटा यांची रूपंच अशी की चुकायला जागा नाही. तिथे पैकीच्या पैकी गुण.

घोळ होतो तो जाळीच्या चमच्यांपाशी. उत्तर हमखास येतं ‘साखर भुरभुरवायचा चमचा’, नाहीतर ‘ऑलिव्हचा चमचा’. पण वाटी चहाच्या चमच्याएवढी, दांडी सडपातळ आणि शेवटी भाल्याच्या पात्यासारखं टोक, एकूण लांबी 14 सेंटीमीटरच्या आसपास, असं असेल तर तो बहुधा अठराव्या शतकातला मोट स्पून. वाटीने कपात आलेली चहापत्ती उचलायची, टोकाने किटलीच्या तोटीच्या मुळाशी, आतल्या भोकांत अडकलेला चोथा मोकळा करायचा. साखरेच्या चमच्याची वाटी खोल, गोलसर आणि बरीच मोठी. म्हणून फोटोत शेजारी पट्टी ठेवाच. अ‍ॅपला तिचा फारसा उपयोग नाही, पण जुळून आलेल्या वस्तूंची लांबी तुम्हाला ताडून बघता येते.

फ्लॅश बंद, उजेड एका बाजूने, खाली राखाडी कापड. वरून, बाजूने आणि पाठीमागून असे तीन फोटो वेगवेगळे शोधा. वरून घेतलेल्या फोटोत मॅरो स्कूप, म्हणजे हाडातली मज्जा काढायची पळी, नुसती दांडी वाटते. बाजूने बघितलं की दोन्ही टोकांना पन्हळी दिसतात, एक रुंद, एक अरुंद, कारण मज्जा काढायची हाडंही जाड-बारीक असतात. मांसाची सळई (टोकाला कडी असलेली) बऱ्याचदा ‘पत्रं फोडायचा सुरा’ म्हणून विकली जाते, आणि अ‍ॅपही बिनधास्त तेच सांगतं. वाइनच्या नरसाळ्याला ते नुसतं ‘नरसाळं’ म्हणतं. नळीचं टोक एका बाजूला वळलेलं का, हा प्रश्नच त्याला पडत नाही. वाइन सुरईच्या भिंतीवरून ओघळावी, मध्ये आदळून फेसाळू नये, म्हणून ते वळण.

सगळ्यात बोलका पुरावा वाटीच्या आत असतो. चांदीच्या वस्तूला फक्त आतून सोन्याचा मुलामा असेल तर मीठ किंवा अंड्याचा संशय घ्या: मिठाने चांदीला खड्डे पडतात, अंड्यातल्या गंधकाने ती काळी पडते. पिवळसर प्रकाशात काढलेल्या फोटोत हा मुलामा हरवतो, म्हणून वाटी दिवसाउजेडी बघा.

हॉलमार्क वाचण्याची सोय देणाऱ्या अ‍ॅप्सकडून याहून कमी अपेक्षा ठेवा. छापातून धातू, गाव आणि काळ कळतो. कामाबद्दल तो मुका. सिंह म्हणजे स्टर्लिंग (92.5 टक्के चांदी), राजा किंवा राणीचं मुंडकं म्हणजे भरलेला कर, सर्वसाधारणपणे 1784 ते 1890 मधला. त्यातही फळांच्या नक्षीचा ‘जॉर्जियन (जॉर्ज राजांच्या काळातला) बेरी स्पून’ हा ठरलेला चकवा. पुष्कळदा मूळ चमचा साधा जेवणाचा असतो आणि फळं नंतर, व्हिक्टोरिया राणीच्या काळात ठोकलेली. दहापट भिंगातून छाप बघा: नक्षीच्या रेघा छापाला कापून गेल्या असतील तर नक्षी नंतरची.

तेव्हा फुकटातली आवृत्ती पुरे. तिच्याकडून चार-पाच संभाव्य नावं घ्यायची आणि निवाडा भिंग, पट्टी, उजेड यांवर करायचा. पैसे भरून मिळणारा किमतीचा अंदाज तर घेऊच नका. ‘ईपीएनएस’, म्हणजे चांदीचा मुलामा, ही चार अक्षरं वेगवेगळ्या चौकटींत ठोकलेली असली की फोटोत ती अस्सल चांदीच्या छापांच्या रांगेसारखीच दिसतात.