आवाजाच्या पॅकेटांना अग्रक्रम: अ‍ॅपमधून की ग्रुप पॉलिसीतून?

विंडोजवरच्या अ‍ॅपला वायफायवर आवाजाच्या पॅकेटांसाठी (नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यांसाठी) अग्रक्रम हवा असेल, तर मार्ग दोन उरतात: अ‍ॅपने क्यूवेव्ह एपीआय (अग्रक्रम मागण्यासाठी विंडोजने अ‍ॅपना दिलेली सोय) वापरून आपला प्रवाह ‘व्हॉइस’ म्हणून नोंदवायचा, किंवा अ‍ॅडमिनने ग्रुप पॉलिसीत (संस्थेतल्या संगणकांना एकत्र लागू होणाऱ्या विंडोजच्या नियमांत) त्या अ‍ॅपच्या नावावर डीएससीपी मूल्य, म्हणजे पॅकेटवर लिहिलेला अग्रक्रमाचा सहा बिटांचा आकडा, लावून द्यायचे. अ‍ॅपच्या नेटवर्क जोडणीवर (सॉकेटवर) हाच आकडा आयपी-टीओएस या पर्यायातून थेट बसवण्याची लिनक्समधली सोपी रीत इथे उपयोगाची नाही; विंडोज ते मूल्य सहसा मानत नाही.

आमच्या कॉलिंग अ‍ॅपसाठी मी आधी पॉलिसीच निवडली आणि तिच्यात 46 हे मूल्य लावले, कारण कोडला हात लावावा लागत नव्हता आणि कार्यालयात ती उत्तम चालली. घरी मात्र शेजारच्या खोलीतून कुणी घरातल्याच स्टोरेजवर व्हिडिओ कॉपी करू लागले की माझा आवाज तुटायचा. शेवटी घरातल्याच दुसऱ्या संगणकाला कॉल लावला आणि तिथे वायरशार्क (पॅकेटे उघडून दाखवणारे साधन) उघडले, तेव्हा कार्यालयात 46 दिसणाऱ्या डीएससीपीच्या रकान्यात 0 होता. ही पॉलिसी मुळात डोमेनच्या, म्हणजे संस्थेने एकत्र सांभाळलेल्या संगणकांच्या, नेटवर्कपुरती लागू होते. बाहेर ती चालावी यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात) ‘डू नॉट यूज एनएलए’ (नेटवर्क कोणते ते ओळखणारी सेवा वापरू नका) हे मूल्य 1 करावे लागते. हे करता येते, पण तोवर पॉलिसी यादीत दिसत राहते आणि ती लागू नसल्याचे कुणीच सांगत नाही. माझा कल बदलला तो या गप्प राहण्यामुळे.

शिवाय 46 च्या सहा बिटांपैकी पहिल्या तिघांचा आकडा 5 होतो आणि बरीच उपकरणे तेवढेच पाहून वायफायची रांग ठरवतात, त्यामुळे आवाज व्हिडिओच्या रांगेत जातो. 2018 च्या आरएफसी 8325 या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजात नेमकी हीच विसंगती मांडली आहे. क्यूवेव्हचा ‘व्हॉइस’ प्रकार 56 लावतो, म्हणजे पहिले तीन बिट 7, आणि पॅकेट आवाजाच्याच रांगेत पोहोचते, जिथे प्रतीक्षेची खिडकी साध्या डेटाच्या 15 ऐवजी 3 पासून सुरू होते, म्हणजे पाठवण्याआधी सहसा कमी थांबावे लागते.

क्यूवेव्हसाठी कोड वाढतो, आणि ठरावीक प्रकारांपलीकडचे मूल्य हवे असेल तर अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. प्रत्येक अ‍ॅपने स्वतःलाच महत्त्वाचे ठरवू नये, हा अ‍ॅडमिन मंडळींचा आक्षेपही मला रास्त वाटतो. सगळे लॅपटॉप डोमेनमध्ये आणि कार्यालयातच असतील, तर पॉलिसी बहुधा पुरेशी ठरेल. राउटरकडून येणाऱ्या पॅकेटांची रांग तर दोन्ही मार्गांत राउटरच ठरवतो. तरीही लॅपटॉप घरी जाणार असतील आणि कोड आपल्या हातात असेल, तर मी क्यूवेव्हकडे झुकेन: त्याच खोलीत, तशीच कॉपी चालू असताना, वायरशार्कमध्ये 56 दिसला आणि माझा आवाज पलीकडे सलग ऐकू गेला.