म्हापशातील एका नोकरी-सल्ला केंद्राच्या सदस्यत्वाचे चार महिने

माझ्या भाचीने २०२२ मध्ये बी.कॉम. पूर्ण केले आणि ऑगस्टमध्ये आम्ही तिचे नाव म्हापशातील एका खाजगी नोकरी-सल्ला केंद्रात नोंदवले. नोंदणी शुल्क दीड हजार रुपये होते आणि नोकरी लागल्यास पहिल्या पगाराचा अर्धा भाग केंद्राला द्यायचा, अशी अट होती. माझ्या भावोजींचा एकच टिप्पर होता आणि तो खाणीवर चालत असे. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे गोव्यातील खाणी थांबल्या, तेव्हापासून त्या घरात दीड हजार रुपये विचार करूनच खर्च होतात. केंद्राचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे सांगतो तशा अशक्य अटींच्या जाहिराती एकाच ठिकाणी येतात असे मला वाटत नाही.

चांगले ते आधी सांगतो. कार्यालय स्वच्छ आहे, फोन उचलला जातो आणि तिथल्या बाईंनी भाचीचा बायोडाटा समोर बसवून नीट करून दिला. दर सोमवारी व्हॉट्सॲपवर जागांची यादी येते आणि त्यात एकदाही खंड पडला नाही. माझी तक्रार आहे ती त्या यादीतील मजकुराबद्दल.

मी डिचोलीत बावीस वर्षे हिशेबाचे काम करतो, म्हणून हिशेबाच्या जागांबद्दलच बोलतो. पहिल्याच यादीत वेर्णा येथील एका कारखान्याची जागा होती: लेखा साहाय्यक, नवपदवीधरांना संधी, जीएसटी विवरणपत्रे भरण्याचा किमान आठ वर्षांचा अनुभव आवश्यक. वस्तू व सेवा कर देशात लागू झाला १ जुलै २०१७ रोजी. जाहिरात ऑगस्ट २०२२ ची, म्हणजे त्या दिवशी भारतातील कोणत्याही लेखापालाकडे या कामाचा पाच वर्षे आणि काही आठवडे यांपेक्षा अधिक अनुभव असणे शक्यच नव्हते. असे प्रकार संगणक क्षेत्रातही घडतात. फास्टएपीआय हे साधन तयार करणारे सेबास्तियान रामिरेझ यांनी २०२० मध्ये जाहीरपणे सांगितले होते, की एका जाहिरातीत या साधनाचा चार वर्षांचा अनुभव मागितला आहे आणि ते निर्माण करूनच दीड वर्ष झाल्यामुळे आपण स्वतःही अर्ज करू शकत नाही. पण रामिरेझ यांना जाहिरात चुकीची आहे हे ठाऊक होते. एकवीस वर्षांच्या मुलीला ते कोण सांगणार?

कांदोळी भागातील एका हॉटेलला रात्रपाळीसाठी पदवीधर हवा होता, वय एकवीसच्या आत आणि दोन वर्षांचा अनुभव. बारावीनंतर तीन वर्षे कॉलेज केलेल्या मुलाने ही अट पूर्ण करायची, तर त्याला दुसऱ्या वर्षात शिकत असतानाच हॉटेलात पूर्णवेळ रुजू व्हावे लागले असते. पर्वरीच्या एका कार्यालयाने बारा हजार पगारात हिशेब, इन्स्टाग्रामवरील पोस्ट, ग्राहकांचे फोन आणि बार्देश तालुक्यातील वसुली एवढी कामे एकाच व्यक्तीवर टाकली होती. दुचाकी स्वतःची, पेट्रोल स्वतःचे आणि रशियन भाषा येत असल्यास प्राधान्य. सुटण्याची वेळ रात्री आठ. पर्वरीहून म्हापसा आणि तिथून डिचोली गाठायला त्या वेळी कोणती बस मिळेल, याचा विचार ती जाहिरात लिहिणाऱ्याने केलेला नाही. आणखी एका ठिकाणी तीन महिने विनावेतन प्रशिक्षण आणि मूळ गुणपत्रिका कार्यालयात जमा ठेवणे, अशी अट होती. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांत २०१९ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून पदवीधर शिकाऊ उमेदवाराला दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन त्या वेळी ठरलेले होते. त्या योजनेबाहेर कोणी मुलांना फुकट राबवत असेल, तर निदान शुल्क घेणाऱ्या केंद्राने ती जागा यादीत घेऊ नये.

नवख्या मुलाकडून या कामात खरोखर काय हवे असते, तेही सांगायला हवे. बिले टॅली या हिशेबाच्या संगणकप्रणालीत बिनचूक चढवणे, बँकेच्या खात्याशी वही जुळवणे, महिन्याच्या चौदा तारखेला तयार होणारे जीएसटीआर-२बी, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या माहितीवरून आपोआप बनणारे विवरण, खरेदीच्या बिलांशी ताडून पाहणे आणि अकरा व वीस या विवरणपत्रांच्या तारखा न चुकवणे. पदवीधर मुलगी हे सारे दोन-तीन महिन्यांच्या फेऱ्यांत शिकते. मी स्वतः चार जणांना शिकवले आहे. त्यांतल्या कोणाकडेही आधीचा अनुभव नव्हता.

खरे नुकसान कुठे होते, ते मला ऑक्टोबरमध्ये कळले. भाचीने तोपर्यंत केवळ दोन अर्ज केले होते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "मामा, त्यांनी लिहिलेले मला येत नाही. खोटे सांगून अर्ज कसा करू?" तिने प्रत्येक अट शब्दशः खरी मानली होती आणि आपणच कमी पडतो, असे ठरवून टाकले होते. तिच्याच वर्गातील एका मुलाने अटी न वाचता म्हापशातील एका दुकानाच्या जागेसाठी अर्ज पाठवला. तीन वर्षांचा अनुभव मागितलेली ती जागा त्याला एकही दिवसाच्या अनुभवाशिवाय मिळाली. मला त्या मुलाचा आनंदच आहे. पण जी जाहिरात प्रामाणिकपणे वाचणाऱ्याला घरी बसवते, ती मालकाच्याही उपयोगाची नाही, कारण हिशेबाच्या टेबलावर त्याला नेमके असेच माणूस हवे असते.

मी केंद्रात जाऊन वेर्ण्याची जाहिरात दाखवली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि मालकांकडून जसे येते तसेच आम्ही पाठवतो, असे सांगितले. हे उत्तर मला पटत नाही. यादी जशीच्या तशी पुढे पाठवायची असेल, तर उमेदवाराने दीड हजार रुपये कशासाठी द्यायचे? शुल्क परत मिळणार नाही, हे पावतीवर छापलेले होते, त्यामुळे त्याबद्दल मी वाद घातला नाही.

पाचपैकी दोन तारे देतो आणि ते दोन्ही त्या बाईंनी बायोडाट्यावर घेतलेल्या श्रमांसाठी आहेत. नाव नोंदवणाऱ्यांनी पैसे देण्याआधी मागील दोन सोमवारच्या याद्या पाहायला मागाव्यात. पणजीच्या पाटो भागातील श्रमशक्ती भवनात सरकारी रोजगार विनिमय केंद्र आहे, तिथली नोंदणी विनाशुल्क आहे आणि ती आधी करून घ्यावी.

भाचीला डिसेंबरच्या सुरुवातीला डिचोलीतील एका सनदी लेखापालांकडे काम मिळाले. कॉलेजच्या फलकावर लावलेल्या त्या चिठ्ठीत बी.कॉम. झालेले हवे, काम शिकवले जाईल, एवढेच लिहिले होते. सदस्यत्व संपताना मी केंद्राला लेखी विनंती केली आहे, की प्रत्येक जागेपुढे आधीपासून काय यायलाच हवे आणि काय शिकवले जाईल, हे मालकाला विचारून वेगवेगळे लिहावे. बाईंनी ते पत्र ठेवून घेतले आहे. यादीत तसा बदल झाला, तर हा अभिप्राय मी सुधारून लिहीन.