नेटवर्क ड्रायव्हरचा अडसर आणि नवी पेठेतील एक संगणक-सेवा

विंडोज १० साठीची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि त्यानंतर सोलापुरातल्या आमच्या महाविद्यालयाने प्रयोगशाळेसाठी ३६ नवे संगणक घेतले. पेनड्राइव्ह घेऊन एकेका यंत्रासमोर बसण्यापेक्षा सर्व्हरवरून नेटवर्कमार्गे विंडोज चढवायचे, ही आमची कित्येक वर्षांची रीत आहे. या वेळी मात्र एकही संगणक पुढे सरकेना. यंत्र सुरू होई, सर्व्हरकडून आयपी पत्ता घेई, बूट इमेज (विंडोज चढवण्याचे काम सुरू करून देणारी फाइल) उतरवून घेई, पडद्यावर विंडोजचे चिन्हही येई. आणि नेमके तेथून पुढे सर्व्हरवरचे सामायिक फोल्डर सापडत नसल्याचा संदेश देऊन काम थांबे.

आधी ज्यांना बोलावले, त्यांनी अर्ध्या तासात स्विच, म्हणजे सगळ्या संगणकांच्या केबल जिथे जोडतात ती पेटी, जुना झाल्याचे सांगून नव्या स्विचचे आणि संपूर्ण केबलिंगचे दरपत्रक दिले. रक्कम आमच्या वर्षभराच्या दुरुस्ती-तरतुदीपेक्षा अधिक होती. त्यानंतर एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून नवी पेठेतील एका छोट्या संगणक-सेवेला फोन केला. तेथे दोघेच जण काम करतात आणि हातातली कामेच त्यांना पुरेशी असल्याने नाव जाहीर करू नये, अशी त्यांची विनंती आहे. ती मी पाळत आहे.

ठरलेल्या दिवशी त्यांचे तंत्रज्ञ दोन तास उशिरा आले. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे दिवस होते, होम मैदानाच्या बाजूचे रस्ते भरलेले होते, हे मान्य. तरी एक फोन करायला हवा होता, असे मला वाटते. पण आल्यावर त्यांनी स्विचला किंवा केबलला हातही लावला नाही. एका यंत्रावर तो संदेश आल्यानंतर त्यांनी काळी कमांड खिडकी उघडून नेटवर्कची माहिती दाखवणारी ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली. ‘विंडोज आयपी कॉन्फिगरेशन’ एवढे शीर्षक उमटले आणि त्याखाली काहीच नव्हते. ना पत्ता, ना नेटवर्क कार्डाचे नाव. “सर, केबल सैल असती तर निदान कार्डाचं नाव दिसून पुढे ‘डिस्कनेक्टेड’ असं आलं असतं. इथे विंडोजला कार्डच दिसत नाहीये,” असे ते म्हणाले.

जो संगणक नेटवर्कवरून बूट इमेज उतरवून घेतो, त्याला पुढच्याच मिनिटाला नेटवर्क कार्ड दिसत नाही, हे मलाही कोडेच होते. त्यांनी ते उलगडून सांगितले. पहिल्या टप्प्यात कार्ड चालवण्याचे काम संगणकाच्या फर्मवेअरमधला (मदरबोर्डवरच साठवलेल्या मूळ प्रोग्रॅममधला) स्वतःचा छोटा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, करतो. विंडोजचा तेथे संबंध नसतो. बूट इमेज मेमरीत उतरून तिच्यातले विंडोज पीई, म्हणजे फक्त विंडोज चढवण्यापुरती छोटी विंडोज, सुरू झाले, की फर्मवेअर बाजूला होते आणि त्या इमेजमध्ये असलेलाच ड्रायव्हर वापरला जातो. आमची बूट इमेज जुन्या संगणकांच्या काळात तयार केलेली होती आणि नव्या यंत्रांतले अडीच गिगाबिटचे कार्ड तिला ठाऊकच नव्हते. म्हणजे पहिला टप्पा पार पडत होता, याचाच अर्थ केबल, स्विच आणि सर्व्हर तिन्ही ठीक होते. दरपत्रकातली सगळी रक्कम या एका वाक्यात वाचली.

यापुढचे त्यांचे काम मला सर्वांत आवडले, कारण त्यांनी अंदाजाने काहीही केले नाही. एका संगणकावर कारखान्यातून आलेली विंडोज अजून शाबूत होती. तिच्या डिव्हाइस मॅनेजरमधून त्यांनी कार्डाचा हार्डवेअर आयडी (कार्ड नेमके कोणते ते सांगणारा क्रमांक) कागदावर उतरवून घेतला: व्हेंडर ८०८६, म्हणजे इंटेल, डिव्हाइस १२५सी, म्हणजे आय२२६-व्ही. उत्पादकाच्या पॅकेजमधून सेटअप फाइल न घेता आतली आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कोणत्या कार्डांसाठी आहे ते सांगणारी) आणि तिच्या सोबतच्या फाइली तेवढ्या काढल्या, आयएनएफ उघडून तोच क्रमांक तिच्यात असल्याची खात्री केली आणि पेनड्राइव्हवरून अडलेल्या यंत्रात ‘ड्रव्हलोड’ आज्ञेने ड्रायव्हर तात्पुरता चढवला. पुन्हा ‘आयपीकॉन्फिग’ दिले, तेव्हा शीर्षकाखाली आमच्या प्रयोगशाळेचा पत्ता उमटला. ही चाचणी यशस्वी झाल्यावरच त्यांनी मूळ बूट इमेजची एक प्रत बाजूला ठेवून ‘डिझम’ या इमेजमध्ये बदल करणाऱ्या विंडोजच्याच साधनाने ड्रायव्हर तिच्यात कायमचा घातला.

ग्राफिक्स, आवाज, ब्लूटूथ असे सगळेच ड्रायव्हर बूट इमेजमध्ये का घालत नाही, असे मी विचारले. विंडोज पीईला नेटवर्क हवे आणि डिस्क दिसत नसेल तर स्टोरेजचा ड्रायव्हर हवा; बाकी ओझ्याने इमेज फुगते आणि प्रत्येक यंत्राला ती उतरवायला उगाच वेळ लागतो, असे त्यांचे उत्तर होते. मागे आमच्याकडे कोणीतरी नेमके असेच ओझे घालून ठेवले होते, तेही त्यांनी काढून टाकले.

एक चूक मात्र त्यांच्याकडून झाली. पहिल्या चार संगणकांवर विंडोज ११ पूर्ण चढली आणि सुरुवातीच्या मांडणीत ‘नेटवर्कला जोडा’ या पानावर अडून बसली. बूट इमेज आणि प्रत्यक्ष चढवली जाणारी विंडोजची इमेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत ड्रायव्हर घालायचा राहिला होता. त्यांनी ते लगेच कबूल केले, दुसऱ्या इमेजमध्येही ड्रायव्हर घातला आणि ती चार यंत्रे स्वखर्चाने पुन्हा करून दिली. संध्याकाळ गेली, पण टाळाटाळ झाली नाही.

शेवटच्या रांगेतल्या तीन यंत्रांचा प्रश्न वेगळा निघाला. त्यांना पहिल्याच टप्प्यात सर्व्हरकडून पत्ता मिळत नव्हता. ती ज्या स्विचला जोडलेली होती, त्यावरचे स्पॅनिंग ट्री (केबल चुकून वर्तुळात जोडल्या गेल्या तर नेटवर्क कोलमडू न देणारी स्विचची व्यवस्था) पोर्ट खुला करण्याआधी सुमारे ३० सेकंद घेत होते आणि तोवर यंत्राचा धीर सुटत होता. ती पोर्ट थेट संगणकासाठी असल्याचे स्विचला सांगणारी सेटिंग चालू केल्यावर तीही मार्गी लागली.

बिल ६,५०० रुपये झाले. दोन दिवसांच्या कामाला मी ते वाजवी समजतो. काम करत करत समजावून सांगण्याची त्यांची पद्धत इतकी चांगली आहे की आमच्या प्रयोगशाळा सहायकाने दुसऱ्या दिवशी निम्मी यंत्रे स्वतः केली. नेटवर्कवरून विंडोज चढवणाऱ्या सोलापुरातल्या शाळा-महाविद्यालयांना किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांना अशा माणसांची गरज आहे. ज्यांना संपर्क हवा असेल, त्यांना मी त्यांच्या परवानगीने तो देईन. वेळ मात्र आधी पक्की करून घ्यावी आणि निघताना फोन करायला सांगावे.

जाताना त्यांनी हार्डवेअर आयडी, ड्रायव्हरची आवृत्ती, इमेज बदलल्याची तारीख आणि वापरलेल्या आज्ञा लिहिलेला कागद सर्व्हरच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला. पुढे एका संगणकाचा मदरबोर्ड बदलून आला आणि तो पुन्हा त्याच जागी अडला, तेव्हा आमच्या सहायकाने नवा आयडी त्या कागदावर दुसऱ्या ओळीत लिहिला आणि त्याच क्रमाने काम केले. त्यांना फोन करावा लागला नाही.