कार्ड आज की वर्षभराने? सोलापुरात बजेट गेमिंग पीसी जुळवताना

मॉनिटर सोडून पन्नास-साठ हजारांत गेमिंग पीसी जुळवायचा असेल तर सगळं एका प्रश्नावर अडतं: ग्राफिक्स कार्ड आत्ताच घ्यायचं, की वर्षभर कळ काढायची? प्रोसेसर, मदरबोर्ड, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) त्या उत्तरामागून ठरतात.

थांबायचं असेल तर रायझन ५ ५६००जी प्रोसेसर. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच. व्हॅलोरंट १०८० पिक्सेलवर छान चालतं, जीटीए फाइव्ह सेटिंग उतरवून चालतं. नवे भारी गेम मात्र विसरा. हे ग्राफिक्स स्वतःची मेमरी नसल्यामुळे रॅमवर जगतं, म्हणून १६ जीबीची एक स्टिक न घेता ८-८ च्या दोन घ्या. दुकानदार 'पुढे वाढवता येईल' म्हणून एकच स्टिक गळ्यात मारतो. तिथे नको म्हणा, एका स्टिकवर फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) बऱ्याच कमी होतात.

अडचण पुढे येते. वर्षभराने कार्ड लावलंत की आतलं ग्राफिक्स पडून राहतं, आणि त्याच्यासाठी मोजलेले पैसेही. शिवाय ५६००जीमध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, साध्या ५६०० मध्ये ३२. त्यामुळे तेच कार्ड ५६०० सोबत जास्त फ्रेम देतं. एक गोष्ट मात्र ५६००जीच्या बाजूची: उद्या कार्ड वॉरंटीत पाठवावं लागलं तरी पीसी सुरू राहतो, अभ्यास थांबत नाही.

कार्ड आत्ताच घ्यायचं तर आय३-१२१००एफ प्रोसेसर, एच६१० बोर्ड आणि आरएक्स ६६०० कार्ड. नावातला 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय स्क्रीन काळी. चारच कोअर असले तरी प्रत्येक कोअर दमदार आहे. गेम खेळताना सोबत रेकॉर्डिंग, डिस्कॉर्ड आणि क्रोमच्या वीस टॅब असतील तर तो दमेल. तेव्हा त्याच बोर्डावर सहा कोअरचा आय५-१२४००एफ बसतो. चार-पाच हजार जास्त जाणारच असतील तर रायझन ५ ५६०० आणि बी५५० बोर्ड घ्यावा असं माझं मत. फक्त बोर्ड जुन्या स्टॉकमधला बी४५० असेल तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करूनच द्या म्हणावं, नाहीतर ५६०० ओळखलाच जात नाही.

तिसरा रस्ता जाहिरातीतला: 'आय७, १६ जीबी, गेमिंग पीसी', किंमत निम्मी. आत बहुतेक वेळा २०१२ चा आय७-३७७० आणि जुन्या पिढीची डीडीआर३ रॅम असते. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी लागतात. वर सांगितलेला आय३ या आय७ ला सहज मागे टाकतो. आकड्यावर भुलू नका.

कार्डात माझी पसंती आरएक्स ६६०० ला: ८ जीबी, १३२ वॅट, आणि सरळ गेमिंगमध्ये आरटीएक्स ३०५० च्या स्पष्ट पुढे. पण घरातला खेळाडू ब्लेंडर किंवा मशीन लर्निंगही शिकत असेल तर कूडासाठी (एनव्हिडियाच्या कार्डांवर असं काम वेगात करणारी प्रणाली) ३०५० घेण्यात अर्थ आहे. ते घेताना खोका नीट वाचा, कारण एकाच नावाची दोन कार्डं विकली जातात. ८ जीबीचं मूळ कार्ड, आणि २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं, जे कमी कोअरचं आणि हळू आहे. त्याचा गुण एवढाच की ७० वॅटमध्ये भागतं आणि वेगळी पॉवर केबल लागत नाही. जुनं आरएक्स ५८० स्वस्तात दिसलं तर '२०४८एसपी' आहे का विचारा. ते कापलेलं मॉडेल आहे, आणि त्यातली बरीच क्रिप्टो मायनिंगमध्ये राबलेली असतात.

आता एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्याच्या स्टिकरवर ४५० वॅट छापलेलं असतं. खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टचा रकाना बघा. तिथे १६ अँपिअर असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. आरएक्स ६६०० चे १३२ आणि आय३ चे जास्तीत जास्त ८९ मिळून २२१ होतात. म्हणजे तो डबा पहिल्याच भारी गेममध्ये बंद पडणार. नावाजलेल्या कंपनीचा ५०० ते ५५० वॅटचा ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस घ्या, वाटल्यास पैसे वाचवायला एसएसडी १ टीबीऐवजी ५०० जीबीची घ्या.

लाइट जाते, तर यूपीएस हवाच. दुकानात मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. मॉनिटर धरून गेमचा लोड तीनशेच्या आसपास जातो, म्हणजे नवा असताना धरेल, बॅटरी जुनी झाली की ऐन मॅचमध्ये पीसी बंद. १००० व्हीए बरा. घरी साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर आहे ना, तेवढं आधी बघून घ्या.

कॅबिनेटमध्ये पुढे काच नको, जाळी हवी. मे महिन्यात इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, आणि खोलीची हवाच तापलेली असली की पंखा तीच गरम हवा आत ओढतो. पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी घर असेल तर आणखी एक त्रास. सुताचे बारीक तंतू कूलरच्या पात्यांमागे जाऊन दाट करडा थर धरतात, बोटाने सोलला तर चिंधीसारखा अखंड निघतो. तिथे निघणारा फिल्टर असलेलंच कॅबिनेट घ्या आणि दर पंधरवड्याला तो झटका. डेझर्ट कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका.

घ्यायचं कुठून? सिकंदराबादच्या सीटीसी या कॉम्प्युटर मार्केटमध्ये किंवा पुण्यात निवड जास्त, भावही थोडा कमी. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी पुण्याला जाऊन रात्री परत येता येतं. पण कार्ड बिघडलं की पुन्हा तीच वारी. म्हणून प्रोसेसर, रॅम, एसएसडी बाहेरून किंवा ऑनलाइन घेतलेत तरी चालेल, ते क्वचितच बिघडतात. रॅमचा भाव मात्र त्याच दिवशी विचारा, हल्ली फार वर गेलाय. कार्ड, बोर्ड आणि एसएमपीएस गावातल्या दुकानातून घ्या, पाचशे-हजार जास्त गेले तरी. जीएसटीचं पक्कं बिल मागा आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर दुकानातच लिहून घ्या.