टी-शर्ट छपाईचं ऑटोमेशन: नऊ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, मी कॉम्प्युटरवाली नाही. नारायण पेठेत आमचं टी-शर्ट छपाईचं छोटं दुकान आहे. मी, माझे दीर आणि हीट प्रेसवर दोन मुली. पूर्वी सगळं स्क्रीन प्रिंटिंग होतं. आता एकाच डिझाइनचा मोठा लॉट असला तरच स्क्रीन, बाकी सगळं डीटीएफ, म्हणजे डायरेक्ट टू फिल्म. फिल्मवर उलटं छापायचं, रंगांवर पांढरा, ओल्या शाईवर चिकटवणारी पावडर, ती ओव्हनमध्ये वितळली की फिल्म टी-शर्टवर ठेवून प्रेसखाली १५०-१६० अंशांवर १०-१५ सेकंद.

स्क्रीनमध्ये प्रत्येक डिझाइनची वेगळी फ्रेम करावी लागते, त्यामुळे ६० जणांची ६० नावं कुणी मागतच नसे. डीटीएफ आल्यावर सगळेच मागायला लागले. छपाई सोपी झाली आणि कारकुनी वाढली. गणपतीच्या आधी दीर रात्री एकपर्यंत कोरलड्रॉमध्ये नावं टाइप करायचे आणि ६० सेंटिमीटर रुंदीच्या फिल्मवर एकेक तुकडा सरकवत गँगशीट, म्हणजे एकाच फिल्मवर अनेक डिझाइनांची मांडणी, लावत बसायचे. फिल्मची जागा वाया घालवायला मन होत नाही, आणि त्या वेळी डोळ्यांना जागा दिसतही नाही.

२०२५ च्या पालख्या पुण्यातून पुढं गेल्यावर आम्ही हे काम सॉफ्टवेअरवर टाकलं. गिऱ्हाइक ऑनलाइन फॉर्म भरतं, तो स्प्रेडशीटमध्ये उतरतो. माझा भाचा हिंजवडीत नोकरी करतो, त्यानं दोन रविवार बसून एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहून दिली. ती शीट वाचते, प्रत्येक नावाची फाइल बनवते आणि ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकते. या फोल्डरवर रिपची, म्हणजे फाइल प्रिंटरसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरची, नजर असते. फाइल पडली की रिप ती उचलतं, पांढऱ्याचा थर तयार करतं आणि सगळे तुकडे जागा शोधून आपोआप मांडतं. पैसे गेले ते रिपच्या लायसन्सचे. भाच्याचं मानधन दोन मिसळी. रिपचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि या सोयी बऱ्याच रिपमध्ये असतात.

मांडणीबद्दल तक्रार नाही. छातीवरचं डिझाइन २८ सेंटिमीटरचं असलं की फिल्मवर शेजारी शेजारी दोनच बसतात. वर-खाली ज्या फटी राहतात त्यांत रिप खिशावरचे लोगो, बाहीवरचे नंबर आडवे-उभे फिरवून असे कोंबतं की दीरसुद्धा म्हणाले, "वहिनी, हे माझ्यापेक्षा कंजूष आहे." त्यांचं रात्रीचं जागरण बंद झालं. हा एकच फायदा असता तरी मी पैसे वसूल म्हटलं असतं.

पण कंजुषीची किंमत पहिल्याच आठवड्यात कळली. जागा भरायला सॉफ्टवेअर पाच ऑर्डरी एकमेकींत मिसळतं. फिल्म कापून झाल्यावर मुली जमिनीवर पत्ते पसरल्यासारखे तुकडे घेऊन बसल्या होत्या, कुठला कुणाचा पत्ता नाही. मग प्रत्येक तुकड्याखाली बारीक अक्षरात ऑर्डर नंबर आणि साइज छापायची सोय चालू केली. गुंता सुटला, पण नंबर डिझाइनला फारच चिकटून छापला जात होता. घाईत एक तुकडा नंबरासकट कापला गेला आणि प्रेस झाला. एका सोसायटीच्या सेक्रेटरींच्या छातीवर सोसायटीच्या नावाखाली "३१७-एक्सएल". त्यांनी तो घातला आणि हसले, हे आमचं नशीब. आता नंबर डिझाइनपासून दीड सेंटिमीटर दूर असतो आणि कापताना पहिला निघतो.

मराठी नावांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. आमची जुनी डिझाइनं युनिकोड (सगळ्या फोन-कॉम्प्युटरना कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये होती. गिऱ्हाइक फोनवर टाइप करतं ते युनिकोड, ते त्या फॉन्टमध्ये टाकलं की नुसती चिन्हं. फॉन्ट बदलला, तर स्क्रिप्टमधून आलेल्या नावांची जोडाक्षरं फुटली. "प्रज्ञा"चे पाय मोडलेले, आणि "निखिल"मधली वेलांटी अक्षराच्या अलीकडं यायची ती पलीकडं जाऊन बसलेली. अक्षरं जुळवण्याची एक सेटिंग भारतीय लिप्यांसाठी वेगळी चालू करावी लागते, ती बंद होती. भाच्याला सापडायला अर्धा दिवस लागला. आता मुक्त आणि बालू हे दोनच फॉन्ट ठेवलेत. कुणी वळणदार अक्षर मागितलं तर ते काम हातानं, दर वेगळा.

नंबरांचीही एक गंमत झाली. टेनिस बॉल खेळणारी एक टीम, त्यात एकाला ०७ हवा. मी फॉर्मची यादी उतरवून घेऊन कॉम्प्युटरवर उघडली, दोन नावांचं स्पेलिंग नीट केलं आणि सेव्ह केली. स्प्रेडशीटनं ०७ ला आकडा समजून पुढचं शून्य टाकून दिलं. जर्सीवर ७ आला, आणि ७ नंबर टीममध्ये आधीच दुसऱ्याचा होता. आमच्या पैशानं नवी जर्सी. त्या दिवसापासून नंबराचा रकाना मजकूर म्हणून ठेवलाय आणि दुरुस्ती मूळ शीटमध्येच करतो.

ऑटोमेशनचा खरा धडा मात्र आजोबांच्या मिशांनी दिला. काळ्या टी-शर्टवर डिझाइनमधला काळा भाग छापायचाच नाही, कापडाचाच काळा दिसू द्यायचा, अशी रिपमध्ये सेटिंग असते. शाई वाचते, प्रिंट अंगाला मऊ लागते. आमची स्क्रिप्ट शीटमधला रंग वाचून ही सेटिंग स्वतः निवडते. एका घरच्या पंचाहत्तरीची ऑर्डर होती, आजोबांचा फोटो, ३० काळे टी-शर्ट. आदल्या दिवशी सूनबाईंचा फोन, "बायकांचे दहा मरून करा ना काकू." मी दहा टी-शर्ट बदलून मरून घेतले, शीटमधला रंग बदलायला विसरले. प्रेस उघडला तर आजोबांचे केस, भुवया आणि भरघोस मिशा सगळं मरून. चूक माझीच. पण पूर्वी दीर प्रत्येक फाइल डोळ्यांखालून घालायचे, तेव्हा ती तिथंच अडली असती. आता फाइल सुसाट जाते, म्हणून फोनवर कळलेला बदल शीटमध्ये लिहिल्याशिवाय कपड्याला हात लावायचा नाही असं ठरवलंय.

मशीनच्या बाबतीत फारसा फरक पडला नाही. पांढरी शाई तळाशी बसते ती बसतेच, शाई सोडणारं हेड तुंबतं ते तुंबतंच. ठरल्या वेळी आपोआप सफाई करायची सोय आहे, ती शाई पिते. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की तीही होत नाही, मग शुक्रवारी सकाळी आधी नोझल चेक, म्हणजे हेडची छिद्रं मोकळी आहेत का ते बघणं. फिल्म गरम असताना सोलायची की गार झाल्यावर, हे फिल्मवर ठरतं आणि ते सॉफ्टवेअरला माहीत नसतं. नवा रोल आला की मुली खडूनं प्रेसवर लिहून ठेवतात.

एक फायदा मी धरलाच नव्हता, तो म्हणजे भांडणं संपली. फॉर्म भरल्यावर गिऱ्हाइकाला सगळ्या नावांचं एक चित्र जातं आणि "बरोबर आहे" असं उत्तर आल्याशिवाय फाइल पुढं सरकत नाही. "आम्ही साईराज सांगितलं होतं, तुम्ही सायराज छापलं" हा संवाद गणपतीनंतर ऐकलेला नाही.

कुणी घ्यावं? रोज वेगवेगळी नावं, छोट्या छोट्या ऑर्डरी असतील तर जरूर. एकाच डिझाइनचे पाचशे नग काढणाऱ्याला याचा काही उपयोग नाही, त्यानं स्क्रीनच चालवावी. आणि सीझनच्या तोंडावर तर बसवूच नका. आम्ही दोन महिने आधी बसवलं तरी २७ ऑगस्टला गणपती बसेपर्यंत चुका निघत होत्या.

शेवटची तक्रार फॉर्मबद्दल. त्यात लोगोची फाइल चढवायची तर आधी लॉगिन करावं लागतं, आणि तिथं निम्मी मंडळं गळतात. मग लोगो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, दाबून बारीक झालेला. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" हे वाक्य मी फोनमध्ये साठवूनच ठेवलंय. आमच्याच गल्लीतलं मंडळ तर अजून वहीच्या पानावर नावं लिहून त्याचा फोटो पाठवतं, तोही तिरका. ती यादी मीच टाइप करते. दीर शेजारी उभं राहून एकेक नाव मोठ्यानं वाचतात, आणि "ऋषिकेश" आलं की विचारतात, "वहिनी, ह्यांचा हृ आहे का ऋ?"